गुंड्याचे केस आणि तुमचं धोतर

सांगली, गुरुवार

तीर्थस्वरूप जवाहरमामांस,
भरतेशचा सादर जय जिनेंद्र. गुडघा कसा आहे? मामींचं बीपी? तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हा कागद पलूसला धाडतोय.

रविवारी तुम्ही आमच्याकडून पूजेचं पांढरं धोतर नेसून, दुपट्टा घेऊन माझ्या गाडीत बसलात आणि मंदिरापाशी अभिषेकाला उतरलात तर अंगभर आमच्या गुंड्याचे काळे केस. चारचौघांत शोभा झाली. अभिषेक न करताच घरी येऊन कपडे बदललेत आणि एसटी धरलीत. जाताना एवढंच म्हणालात, “भरत्या, आदी त्या कुत्र्याचं काय ते बघ, मग मला बोलीव.”

त्याच दिवसापासून गाडीच्या मागे लागलोय. कुपवाडला महेंद्रच्या वर्कशॉपात कॉम्प्रेसरची हवा मारली. (केस गेले, पण एसीच्या जाळीत. परतताना एसी लावला, तर सगळे माझ्या तोंडावर.) मग चिकटपट्टी आणली, तिनं सीटचं कापड उपटलं, केस तसेच. शेवटी स्वप्नालीनं भांड्यांचा रबरी हातमोजा ओला करून सीटवरून एकाच दिशेनं ओढला, तशा केसांच्या वळकट्या निघाल्या. गुंड्या आल्यापासून चार वर्षांत मला हे सुचलं नाही. आता सीट लख्ख आहे. पण गुंड्या घरात आहे तोवर ती किती दिवस तशी राहणार?

मामा, वडील गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत. तुम्ही यायचं बंद केलंत तर हे घर मला खायला उठेल. म्हणून गुंड्याला सोमवारी महेंद्रच्या वर्कशॉपात राखणीला ठेवायचं ठरवलंय. ठरवलं खरं, पण जेवण जात नाही. तो मुका जीव, त्याला काय सांगू?

मामींना नमस्कार.
आपला,
भरतेश

ता. क. पत्र पाकिटात घालणार, तेवढ्यात स्वप्नालीनं तुमचं राहिलेलं धोतर धुवायला काढलं. मामा, माणूस सीटला पाठ टेकून बसतो. पाठीमागे चार-पाच केस आहेत. बाकी सगळे पुढं, मांडीवर. पंजाचे दोन ठसेही तिथंच आहेत, आणि दुपट्ट्याच्या टोकाला पार्ले बिस्किटाचा चुरा.

ता. क. २. रविवारी मी अंघोळीला गेलो तेव्हा अंगणात तुम्ही आणि गुंड्या दोघंच होतात. रविवारपासून गुंड्या फाटकाशी बसून आहे. माझ्या हातचं बिस्कीट हुंगतो आणि तोंड फिरवतो. सोमवारचं काय करायचं ते आता तुम्हीच कळवा. मामींना मी काही बोललेलो नाही.