मामाचा रॉड, भाचीचं प्लॅस्टर

दहिसर, १२ जानेवारी २०२५

ती. रुचिराताईस,
लवूचा सा. न. वि. वि. साष्टांग म्हणायचं, पण आठव्या अंगात रॉड आहे, तेव्हा सातांवर भागव.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून पत्र. नाना उद्या मुलुंडला तुझ्याकडे येतायत, त्यांच्याच हाती देतो. अबोलीला पवईची मगर दाखवायची होती. बाइक हळूच होती गं, पण तलावावर एक घार झेपावली आणि माझी मान तिकडे गेली. वळणावर वाळू होती. माझा स्वभावच असा, त्याला मी काय करू? नाही, हे खोडतो. चूक माझी. माफ कर.

दोघांचीही उजवीच मांडी मोडली. मला रॉड आणि तिला नुसतं कमरेपासून प्लॅस्टर? पोरीला स्वस्तात गुंडाळली म्हणून मी डॉक्टरांशी भांडलो. ते हसले. म्हणाले, पाच वर्षांचं हाड वाढतं असतं, असा रॉड घातला तर वाढायची जागाच दुखावेल. नीट धरून ठेवलं की सहा आठवड्यांत आपलं आपण जुळतं. तुमचं निबर झालंय, त्याला चार-पाच महिने लागणार, म्हणून आतून आधार. निबर म्हणे! एकोणतिसाव्या वर्षी! समोरच्या खाटेवर वसईचे डेनिसकाका होते, त्यांच्या केळीच्या बागेत एकदा... ते जाऊ दे.

मी तिसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभा राहिलो. आता चाळभर फिरतोय. अबोलीला म्हणावं, प्लॅस्टरवर मगर काढ. माझ्या रॉडवर काही काढता येत नाही, एवढंच दुःख.

राग सावकाश जाऊ दे, माया तेवढी राहू दे.
तुझा, लवू

मुलुंड, २० फेब्रुवारी

चि. लवूस,
अ. उ. आ. रागाने दिलेत, तरी आशीर्वादच.

मगर काढली. शेपूट पोटापर्यंत आली होती. सहा आठवडे तिला उचलून माझी कंबर गेली. प्लॅस्टरमध्ये लंगोट कसा खोचायचा, यावर आता मी क्लास काढू शकते. सोमवारी प्लॅस्टर कापलं. हाड झकास जुळलंय, चालू दे म्हणाले. पण बाईसाहेब पाय टेकतच नाहीत, बसूनच सरकतात. तिच्या बाबाने, केयूरने, चॉकलेट दाखवलं, मी ओरडले, मग मीच रडले. ती पुन्हा चालेल ना रे?

त्यात काल नानांनी सांगितलं की तू घरी आल्यापासून खाट सोडलेली नाहीस. डॉक्टर ओरडले तरी खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत बसतोस. अबोलीने ते ऐकलं. आता म्हणते, मामाने टेकला की मी टेकीन. चाळभर फिरतोस काय रे? थोबाडीत द्यायला हवी तुला. रविवारी, दोन मार्चला ये. चालत.

तुझी (नाइलाजाने) ताई

दहिसर, २६ फेब्रुवारी

ती. ताई, सा. न.

पकडलंस. हॉस्पिटलात उभा राहिलो ते खरं, पुढचं सगळं खोटं. पाय टेकायला गेलो की खालून ती वाळू सरकते. दुखत नाही गं. भीती वाटते. हे मी नानांनाही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

काल तुझं पत्र तीनदा वाचलं आणि वॉकर धरला. नळापर्यंत गेलो. शेजारच्या वनमालाकाकूंनी टाळ्या वाजवल्या, मी घामाने निथळत होतो. रविवारी येतो. शिव्या शिल्लक ठेव, थोडं मटणही.

लोभ आहेच, तो उघडपणे कर.
लवू

मुलुंड, ३ मार्च

चि. लवूस, अ. उ. आ. आज मनापासून.

काल तू लिफ्टपर्यंत दोनदा चालून दाखवलंस आणि ही कार्टी मान फिरवून टीव्ही बघत बसली. तुझा चेहरा बघवेना. पण पुढचं तुला ठाऊक नाही.

निघताना नानांच्या खांद्यावर हात टाकून, वॉचमनच्या पोपटाच्या गप्पा मारत तू लिफ्टमध्ये शिरलास. वॉकर आमच्या दारातच! मी ओट्यापाशी होते, हात पिठाचे. अबोली ओरडली की मामा वॉकर विसरला. मी धावत बाहेर आले, तर वॉकर लिफ्टच्या दारापाशी, आणि त्याला धरून ती. उभी. लिफ्ट गेलेली. मला म्हणाली, ह्या मामाचं ना, लक्षच नसतं कुठे.

तिथपर्यंत अठरा पावलं होतात, मी नंतर मोजली. तिच्या अजून ध्यानातच आलेलं नाही की ती चालली. मी रडले ते तिला वॉकरसाठी वाटलं.

नंबर सुरू केलाय. तरी हे लिहूनच द्यावंसं वाटलं. केयूर वॉकर घेऊन येतोय, पत्र त्याच्याच हाती देते. वॉकरच्या उजव्या पायावर मगर आहे. रॉडवर काढता येत नाही ना, म्हणून तिने तिथे काढलीय. पुसलीस तर बघ.

तुझी ताई