न खाल्लेली मोसंबी

दि. १४ मे २०१३

ती. गीताआक्का यांना आश्रुबाचा नमस्कार. (एक हात पेनात अडकलाय, तरी दोन्ही जोडलेत असं समजावं.)

आमच्या वाडीला टँकरच्या रोज तीन खेपा मंजूर झाल्या. आधी एकच होती. वाढलेल्या दोन खेपांची खरी किंमत काय पडली ते तुम्हाला सांगतो, कारण पेपरात आलं ते अर्धंच आहे. माझं पावणेचार किलो वजन. एक चांगलं धोतर, जे सतरंजीवर डोळा लागला असताना उंदरानं खाल्लं (उपोषणाच्या त्या तीन दिवसांत मांडवात जेवलेला तो एकटाच). राधाकिशनचा रोजचा जिलबीचा शौक. आणि वच्छलाचं पावणेतीन किलो. ही शेवटची किंमत मी कबूल केली नव्हती, मला कुणी विचारलीही नव्हती, आणि हे पत्र तिच्यापायीच लिहितोय. पण घाबरू नका. तुमची बहीण बरी आहे. काल तर माझ्यावर ओरडली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

तुमचे गुडघे कसे आहेत? साडूंचा खोकला? उमापूरला पाणी किती दिवसांआड सोडतात? फोन कावून केला नाही, असं तुम्ही विचाराल. फोन मी गोठ्यात जाऊन केला तरी वच्छलाला चुलीपुढं ऐकू जातो, आणि यातलं अक्षरही तिच्या कानावर जायला नको. पत्र वाचून झालं की डाळीच्या डब्यात ठेवू नका. तुमच्याकडं आली की आधी तोच डबा उघडते ती.

आता कानांचाच विषय निघाला म्हणून सांगतो, माझे कान वाडीत एक नंबर. सायकलीला दोन कॅन बांधून दूध घालणारा माणूस आज दूध सोसायटीचा चेअरमन आहे, तो काही शिक्षणावर नव्हे (सातवी, तीही दोनदा). कॅनवर बोट मारलं की आतल्या दुधात पाणी किती ते मी आवाजावरून सांगतो. कुणाच्या घरात काय शिजतंय ते रस्त्यानं जाता जाता फोडणीवरून ओळखतो. आधी मोहरी पडली की जिरं, तेल तापलं होतं की सुनेनं घाई केली, हेसुद्धा. वाडीतल्या पन्नास चुलींवर काय आहे हे मला कुणाला विचारावं लागत नाही. असो.

यंदा विहिरींना तळ लागला. एक टँकर आणि दीडशे जनावरं. टँकर आला की बाया हंडे घेऊन अशा धावायच्या की पाण्यापेक्षा भांडणं जास्त सांडायची. वाढीव खेपांचा कागद तालुक्याला बरेच दिवस फिरत होता. म्हणून मी सोसायटीच्या पत्र्याखाली उपोषणाला बसलो. फक्त पाणी पिणार, तेही दिवसाला चार तांबे, टँकरचंच. वच्छला सकाळ-संध्याकाळ यायची, तांब्या भरून ठेवायची, पाय दाबू का म्हणायची. मी दर वेळी विचारायचो, "जेवलीस का?" ती म्हणायची, "जेवले की." (विचारत होतो, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.) पोरगा पुण्याला, घरात ती एकटी.

समोर पानटपरीच्या बाकावर राधाकिशन बसलेला. हा सोसायटीचा जुना चेअरमन. मी त्याला अकरा मतांनी पाडला, तेव्हापासून तो माझ्या खुर्चीवर लक्ष ठेवतो, आणि आता तोंडावर ठेवून होता. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई रोज येऊन बोटाला टाचणी टोचायच्या आणि यंत्रात साखर बघायच्या. नाव शिवकांता, वय जेमतेम पंचवीस, वडिलांचं किराणा दुकान, त्यामुळं बोलणं मापात. पहिल्या दिवशी माझी साखर ब्याण्णव. दुसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी. राधाकिशननं तो आकडा ऐकला आणि उठलाच.

"दीड दिवस उपाशी माणसाची साखर चौऱ्याऐंशी? कुठून आली बे, आश्रुबा? सोसायटीच्या कपाटातून?"

लोक हसले. खरं सांगू आक्का, मलाही तोच प्रश्न पडला होता. उपाशी माणसाची साखर शून्य व्हायला पाहिजे, असाच माझा हिशेब होता. राधाकिशनला जोर चढला. म्हणाला, "माझी बघा, बाई. मी सकाळपासून नुस्ता चहा प्यालोय. याच्याहून कमी निघंल." आणि बोट पुढं केलं. निघाली दोनशे अडुसष्ट. राधाकिशन बोटाकडं बघत म्हणाला, "यंत्र आश्रुबाच्या पार्टीचं हाय." पण आवाजात दम नव्हता. मला तिथंच त्याची कीव आली (नंतर आली असं लिहिलं तर खरं ठरेल, तेव्हा मजाच वाटली).

तिसऱ्या दिवशी भूक मेली. डोकं हलकं झालं, जणू कॅन रिकामा करून उन्हात वाळत घातलाय. दुपारी राधाकिशन जवळ आला, कानात काहीतरी बोलायला वाकला आणि विंचू चावल्यागत मागं सरला.

"मोसंबी! अरे, याच्या तोंडाला मोसंबीचा वास येतोय! उमापूरच्या साडूनं पाठवली असंल!"

आक्का, ज्या बागेला तुम्ही दोघांनी गेल्या उन्हाळ्यात टँकरनं पाणी घातलं, आणि शेवटी कुऱ्हाड लावली, जिच्या फांद्यांवर तुमचा चहा होतोय, त्या बागेची मोसंबी मी लपून खाल्ली! बरं, माणसं हुंगायला पुढं आली न् वास खरंच येत होता. पिकून उतरलेल्या फळासारखा. एकानं मान हलवली. माझे कान तेव्हा नसते तर बरं झालं असतं. पाठीमागं कुजबुज चालली होती, "आपण याच्यापायी रोजगार बुडवला." कुणीतरी सतरंजीची कड गुंडाळायला घेतली. मी लबाड ठरलो की खेपा गेल्या, आणि मी ज्या गावात हयात काढली तिथं तोंड दाखवायला जागा गेली.

तेवढ्यात वच्छला पुढं झाली. एकतीस वर्षांत ती गड्यांपुढं मोठ्यानं बोललेली मी ऐकली नाही. राधाकिशनच्या नाकापुढं उभी राहून म्हणाली, "राधाकिशनभाऊ, मोसंबी कसली वो? माझ्या बहिणीची बाग वाळून गेली! तीन दिवस पाण्याबिगर काय गेलं न्हाई यांच्या पोटात! शप्पथ खाते मी!"

राधाकिशननं नाकाला हात लावला.

"हिच्या बी तोंडाला त्योच वास हाय! नवरा-बायकोनं वाटून खाल्ली!"

हशा झाला. हसले नाहीत ते दोघंच, मी आणि डॉक्टरीणबाई. त्या नुकत्याच पिशवी घेऊन आल्या होत्या. त्यांनी वच्छलाचा हात धरला, तिला बाकावर बसवली आणि विचारलं, "काकू, शेवटचं कधी जेवलात?"

"जेवले की."

"काय जेवलात?"

आता तुमची बहीण खोटं एका शब्दाचं बोलू शकते, दोन शब्दांचं तिला जमत नाही. ती पदराकडं बघत बसली. टाचणी टोचली, साखर बासष्ट. मग हळूच म्हणाली, "यांच्यासंगंच."

म्हणजे तीन दिवस. मी बसलो तेव्हापासून. मला भाषणं झाली, हार पडले, पेपरवाला आला. तिला काही नाही. घरी एकटी, पाणी पिऊन, वर मला विचारणार पाय दाबू का.

मग बाई मांडवाकडं वळल्या आणि म्हणाल्या, हा मोसंबीचा वास नाही, उपाशी माणसाचा आहे. पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो, कारण ते ऐकल्यापासून मला माझ्या अंगाबद्दल आदर वाटायला लागलाय. आपल्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते फक्त चमचाभर. ती हातातली घागर. घागर रिकामी होऊन चालत नाही, कारण मेंदूला सारखी लागते. म्हणून आपण जेवलो की जास्तीची साखर अंग यकृतात साठवतं. तो घरातला रांजण, सगळ्यांसाठी. दुसरा साठा मांड्या-दंडांत, रांजणाहून मोठा, पण त्याला कुलूप. ती साखर मांडीनं स्वतःच वापरायची, बाहेर एक थेंब द्यायचा नाही. (सगळ्यांनी राधाकिशनच्या गच्चीवरच्या टाकीकडं बघितलं. तिलाही कुलूप आहे.) साखर आत ठेवा असा निरोप देणारा एक रस आणि बाहेर काढा म्हणणारा दुसरा, दोघं पोटातल्या एकाच ग्रंथीत शेजारी राहतात, पण एकाचा आवाज चढला की दुसरा आपला उतरवतो. (आमच्या सोसायटीत दोघंही चढवतात.) राधाकिशनच्या अंगात पहिल्याचा निरोप कुणी ऐकेना, म्हणून साखर घागरीतच तुंबलेली.

उपाशी राहिलं की रांजण घागर भरत राहतो. म्हणून माझे चौऱ्याऐंशी. पण रांजण एका दिवसात तळाला जातो. मग अंग स्वतःच्या मांसातून थोडी थोडी साखर बनवतं आणि चरबी जाळायला काढतं. त्या जळणातून एक वायू श्वासावाटे बाहेर पडतो, त्याला पिकल्या फळाचा वास. साखर साठवताना तिच्यासंगं तिप्पट पाणी साठतं, ते साखर गेली की निघून जातं. म्हणजे आक्का, गावाला पाणी मिळावं म्हणून बसलो आणि गेलं ते बरंचसं माझ्याच अंगातलं पाणी.

राधाकिशन वच्छलापुढं जाऊन उभा राहिला. "वहिनी," म्हणाला, "चुकलं." तिनं त्याला म्हटलं, "तुमी आधी ती जिलबी सोडा." तो तसाच जीप घेऊन तालुक्याला गेला आणि दिवस मावळायच्या आत मंजुरीचा कागद घेऊन आला. ओळखी त्याच्या आहेत, हे मला मान्य करावं लागलं. पेपरात मात्र फोटो माझा आला.

मी वच्छलाला विचारलं, कावून केलंस असं? म्हणाली, "एका भाकरीसाठी चूल कुठं पेटवायची? जेवलं की ताट निघतं, तवा निघतो. घासायला पाणी कुठं हाय?" एवढंच. दुसरं काही कारण असेल तर ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ओरडली, ती वर लिहिली तीच कालची ओरड.

तिला लिंबू-साखरेचं पाणी दिलं, मग पेज. बाई चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या, "काका, उद्यापासून हलकं आणि आवडीचं द्या. काकूंना काय आवडतं?"

मी म्हणालो, "भाकरी."

"कशाबरोबर?"

पन्नास माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. तहसीलदारापुढंही माझी जीभ अडखळत नाही. मी म्हणालो, "लिहा, काहीही चालतं." त्यांनी लिहिलं नाही.

असो. पाऊस झाला की एकदा येऊन जातो. साडूंना म्हणावं, बाग पुन्हा लावायची ठरवली तर शेणखत माझ्याकडून. ऊन कडक आहे, उगाच वाड्यावस्त्या हिंडू नका. कळावे.

तुमचा,
आश्रुबा

ता. क. : खरं काम वर लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे तोंड झालं नाही. आई गेल्यावर तुम्हीच तिला वाढवलंत, तेव्हा तुम्हाला ठाऊक असणार. लहानपणी ती काय मागून खायची? कशासाठी रुसायची? गोड की तिखट? लिहून कळवा, आणि कसं करायचं तेही सविस्तर कळवा, किती पाणी, किती आच. मी स्वतः करणार आहे. पत्र सोसायटीच्या पत्त्यावर टाका, घरच्या नको.

आणखी एक : "तिलाच विचारा" असं उलट टपाली लिहू नका. विचारलं होतं. म्हणाली, "तुमाला आवडतं तेच." म्हणून परवा दिंद्रुडच्या बाजारातून वांगी आणून मी तिच्यासाठी माझ्या हातानं भरीत केलं. तिनं गुमान खाल्लं, चांगलं झालंय म्हणाली. मग राधाकिशनची बायको कडूबाई तिला बघायला आली आणि जाताना मला दारात गाठून बोलली. वांगं खाल्लं की वच्छलाच्या अंगाला खाज सुटते. लग्न होऊन आली तेव्हापासून सुटते.