हिराबाईंची एकशे सहा वर्षं

४ नोव्हेंबर २०२४, बोईसर

अठ्ठ्याहत्तर! रिद्धीने फोनवर आकडा सांगितला आणि हसली. मी एकसष्टचा. तिच्या प्रयोगशाळेत रक्तावरून शरीराचं वय काढतात – कागदावरचं नव्हे, आतलं; त्या पद्धतीला ते ‘घड्याळ’ म्हणतात. पद्धत तपासायला कुणाचं तरी रक्त हवं होतं, म्हणून बापाने दिलं. ‘बाबा, हे घड्याळ अजून कच्चं आहे. मनावर घेऊ नका.’

घेतलं नाही. संध्याकाळी जिना चढताना मधल्या पायरीवर थांबलो.

९ नोव्हेंबर

शिरगावच्या हिराबाईंचा निकाल आला. कार्डावर वय एकशे सहा, रक्तात त्र्याऐंशी. तेवीस वर्षं कमी! रिद्धी फोनवर रडलीच. डिसेंबरात बंगळुरूला म्हातारपणाच्या जीवशास्त्रावर परिषद आहे, तिथे ती हेच मांडणार. तिची नेमणूक वर्षअखेर संपते. तिचे प्रमुख दिग्विजय म्हणाले, हे नीट मांड, मुदतवाढीचं मी बघतो.

माझ्या वेळी कच्चं असलेलं घड्याळ पाच दिवसांत पिकलं.

मुलाखत मीच घेतली होती. तीस वर्षं मराठी शिकवलं, किनाऱ्यावरची बोली कळते, म्हणून. फॉर्मवर माझंच अक्षर – हिरा, १०६, कार्ड पाहिलं.

१७ नोव्हेंबर

परिषदेसाठी फोटो हवा, म्हणून शिरगावला गेलो. हिराबाई ओट्यावर सुके बोंबील निवडत होत्या. मागे भिंतीला जुन्या होडीची फळी, तिच्यावर कोरलेलं – हिरा. तुमच्या नावाची होडी होती का, असं सहज विचारलं.

‘माज्या नाय. पयलीच्या.’

मग सगळं सांगितलं. हिरा ही नवऱ्याची पहिली बायको. होडी तिच्या नावाची. ती एकसष्ट साली गेली, त्याच वर्षी या लग्न होऊन आल्या. लग्नात नाव बदलायचंच होतं, तेच ठेवलं.

‘होडीचं नाव बदलत नाय. बायकोचं बदलतं.’

रेशनच्या कागदावर हिरा होतीच. मेलेली कुणी खोडली नाही, आलेली कुणी लिहिली नाही. तिचं जन्मसाल यांच्याकडे आलं.

मुलगा दादू, पहिलीचा, आता पंचाहत्तरचा. जाळं शिवता शिवता हसला. ‘आय माज्याहून आठ वर्षांनी मोठी हाय, सर. तुमी कार्ड मागितलं, आमी दिलं.’

त्र्याऐंशी.

तुमचं नाव काय, मी विचारलं. पहिल्यांदाच. हातातला बोंबील त्यांनी खाली ठेवला.

‘चिमी.’

१८ नोव्हेंबर

रिद्धी म्हणाली, फोटो छान आलाय. मी हो म्हणालो.

२ डिसेंबर

अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवतो. तिची नोकरी जाईल, हे एक कारण. दुसरं लिहीत नाही.

११ डिसेंबर, बंगळुरू

मुलाखत मी घेतलेली, म्हणून रिद्धीने मलाही सोबत आणलं. थंडगार सभागृह. दिवसभर पडद्यावर उंदीर, जंत, माशा. सगळे जास्त जगले. माणसाचा विषय आला की वक्ते सावध होतात. एका वयस्कर शास्त्रज्ञाला मंचावर चढवायला दोघांनी हात दिला. ते पेशी पुन्हा तरुण करण्यावर बोलले.

दुपारी जेवताना रिद्धीला सांगितलं. तिने ताट खाली ठेवलं. ‘कधीपासून माहीत होतं?’

चोवीस दिवस.



१२ डिसेंबर

तिने निबंध वाचला नाही. फोटो दाखवला आणि म्हणाली, या चिमीबाई, वय त्र्याऐंशी, माझ्या नोंदीत चूक झाली. माझ्या – असं म्हणाली. चूक खरं तर माझी.

दिग्विजय उठून बाहेर गेले. कुणीतरी एकच टाळी वाजवली आणि थांबलं. मग मागच्या रांगेतल्या बाईंनी विचारलं – म्हणजे तुमचं घड्याळ अचूक होतं तर?

रिद्धीने उत्तरासाठी तोंड उघडलं. मग तिची नजर माझ्याकडे वळली.

चोवीस दिवस मला हेच माहीत होतं.

१३ डिसेंबर, बोईसर

रिद्धी घरापर्यंत आली. माझ्या अठ्ठ्याहत्तरबद्दल दोघंही बोललो नाही. जिन्यात ती मधल्या पायरीवर थांबली – मी थांबायच्या आधी.