अर्जातले बाबा

बाबा,

तुमचा पत्ता नाई, तरी लिहून राह्यली. पोंभुर्ण्याचं घर सोडून तुमी गेले, त्याले सहा वर्षं झाली. इथी कॅनडात माह्या कॉलेजात बाहेरदेशच्या पोरीले फी माफ पाहिजे असन, तं मायबाप दोघांची सही लागते. तुमी कुठी हाव, आईलेबी ठाव नवतं. मंग मी अर्जात लिहिलं, 'वडील वारले.' फी माफ झाली.

काल कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईनं विचारलं, "वडिलांची आठवण येते?"

मले रडूच आलं. तिनं पाठीवरून हात फिरवला. इथी आल्यापासून चार महिन्यांत मले कोणी जवळ घेतलं नवतं. खरं सांगितलं तं ती हात काढून घेईल, म्हणून मी चूप राह्यली.

तुमची,
रंजीता