फलकाची रिकामी बाजू

प्रिय दादा,

बोटीवरच्या खोलीचं दार लावून बसलायस, असं कळलं. फोन तू उचलणार नाहीस. पत्र मात्र तू फाडण्याआधी एकदा वाचतोस.

संग्रहालयातला आपला फलक अर्धाच झालाय. उजवीकडे माझं फुलपाखरू, बिबळ्या रुईकर. अंड्यापासून पंखांपर्यंतचा सगळा पसारा महिन्याभरात उरकणारं. डावीकडे तुझा खोल समुद्रातला झालरी शार्क, ज्याची मादी पिल्लं पोटात साडेतीन वर्षं वागवते म्हणतात. तिथे नुसती चौकट आहे. स्वतः खाली जाऊन जिवंत शार्कचा फोटो काढीन, उसना लावणार नाही, हा तुझा हट्ट. आई म्हणाली, माझी पोरंही अशीच. एकीला दम धरवत नाही, दुसरा हलता हलत नाही.

परवा तुमच्या पाणबुडीचा मिस्त्री लेकीला घेऊन फुलपाखरं बघायला आला. कोशातून एक बाहेर पडत होतं. पोरगी बोटानं मदत करायला गेली, तसा मी तिचा हात धरला. म्हटलं, घाई केलीस तर पंख कायमचे वाकडे राहतील. मिस्त्री हळूच म्हणाला, "ताई, घाई तर आमच्याकडेही चाललीय." पुढचं त्याच्या तोंडून ओढूनच काढावं लागलं. पाणबुडीच्या काचेला कडेशी केसाएवढी चीर आहे. त्यानं साहेबांना दाखवली, तर ते म्हणाले, एवढी फेरी होऊ दे, मग बघू. मी विचारलं, आत कोण बसणार माहीत आहे ना? तो म्हणाला, "म्हणूनच तर इथे आलो."

आधी तुलाच सांगायला निघाले होते. दारातूनच परत फिरले. तू त्या चिरेवरून बोट फिरवलं असतंस, एवढ्यानं काय होतंय म्हणाला असतास आणि उतरला असतास. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर तुला ती चीर दिसलीच नसती.

फेरी रद्द का झाली, कुणी चुगली केली, म्हणून तू सगळ्यांवर डाफरतोयस. मी केली. सुरक्षा अधिकाऱ्यांच्या दारात ठाण मांडून बसले, काच तपासायला लावली. मिस्त्रीचं नाव कुठेही घेतलं नाही, तूही घेऊ नकोस. आज दुपारी त्यांचा निरोप आला. काच दाबाखाली ठेवली होती. तुला जायचं होतं त्याच्या निम्म्या खोलीच्या दाबालाच ती फुटली. आता घरी ये आणि हवं तेवढं ओरड माझ्यावर. मला तुझा आवाज ऐकायचाय.

तुझीच,
धाकटी