मर्यादेच्या आत

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दादाला पुन्हा ताप. निवृत्त होईपर्यंत तो अणुवीज केंद्रात होता. छातीवरच्या बिल्ल्यात किरणं मोजली जायची. त्या नोंदी आज डॉक्टरांना दाखवल्या. सगळे आकडे मर्यादेच्या आत. तरी पांढऱ्या पेशी कमी. "किरणांमुळंच असं म्हणता येत नाही. नाहीच, असंही नाही," डॉक्टर म्हणाले.

रिक्षात वहिनी खुशीत. "बघा की भावजी, ह्यांनी पोरीला उगाच अडवलंय. त्या केंद्रातच नोकरीचा अर्ज करू द्या की तिला."

दादा म्हणाला, "मग हा ताप काय नव्या पेठेतनं विकत आणला व्हय?"

मीही हसलो. का हसलो? मर्यादा बिल्ल्याची, की त्याच्या अंगाची?

संध्याकाळी पुतणीचा फोन. "काका, अर्जाची आज शेवटची तारीख. भरू?"

"बाबांना विचार."

"विचारलं. ते म्हणतात, काकाला विचार."