तोटी नसलेला नळ

९ मे १९९८
आज नाशिककर झालो. सामान लावायचं सोडून मी आणि उज्वला सकाळी तासभर नळाकडे बघत बसलो, हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण मनमाडच्या माणसाला विचारा. तिकडे आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि आलं की लोक सोयरिकीची बोलणी अर्धी टाकून हंडे घेऊन पळतात. इथे रोज येतं, साडेसहा ते आठ. उज्वलाला पाचवा महिना आहे. आपलं बाळ पाण्याच्या गावात जन्मणार, म्हणून मीच जास्त खूश आहे.

शेजारच्या शकुबाई भेटल्या. मूळच्या सायखेड्याच्या, मळ्यातली फुलं बाजारात नेऊन विकतात. घरात त्या आणि त्यांची नात दिशा. त्यांनी बजावलं, की पहिल्या दोन बादल्या मोरीत सोडून द्यायच्या, लाइनीतली लय घाण राहती त्यात. मी मान डोलावली. दोन बादल्या म्हणजे आमच्याकडे दोघांची आंघोळ. भरून ठेवल्या.

२४ मे
नळाची धार करंगळीएवढी होती. मनमाडी अक्कल चालवली. मागच्या दारी, गटारीच्या कडेला कंबरभर खड्डा खणला आणि पाइप खाली उतरवला. नळ जितका खाली तितकं पाणी लवकर, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. तोटीही काढून टाकली. बंद कशाला करायचा? पाणी येईल तेव्हा येईल, खाली हंडा आहेच. थेंबे थेंबे तळे साचे.

आता गल्लीत सगळ्यांच्या आधी आमच्याकडे पाणी येतं. भिंतीआड असल्यामुळे कुणाला दिसत नाही. उज्वला म्हणाली, तुम्हाला इंजिनिअर करायला हवं होतं. दिवसभर फुशारकीत होतो.

२८ जून
पाऊस लागून पंधरा दिवस झाले. खड्ड्यात गटारीचं पाणी पाझरतं. रोज पहाटे डब्याने उपसतो, मग हंडा लावतो. पाण्याला जरासा वास येतो, औषध टाकत असतील. उज्वलाने नाक मुरडलं. मी म्हटलं, नाशिकला येऊन दोन महिने झाले नाहीत तर नखरे सुरू. हसली आणि प्यायली.

१४ जुलै
गल्लीत कावीळ आहे. चार घरांत. शकुबाईंची दिशाही पिवळी पडली, अन्न बघवत नाही तिला. महापालिकेचे पाणीवाले आले, सगळ्यांना पाणी उकळायला सांगितलं आणि वरच्या टोकाला, पिठाच्या गिरणीजवळ खणायला लागले. कुठेतरी गटारीचं पाणी लाइनीत शिरतंय म्हणे.

१५ जुलै
आठ वाजता पाणी गेलं. हंडा उचलून आत ठेवला. तासाभराने पुन्हा मागे आलो तर आवाज. कुणीतरी तहानेलं घटाघटा पितंय तसा. खड्डा तेवढ्यात पाझरून पाइपाच्या तोंडापर्यंत भरला होता, आणि बघता बघता पाणी खाली जात होतं. मी पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवला.

त्याने तो ओढून घेतला. जोर लावून सोडवावा लागला. तळव्यावर अजून लाल गोल आहे.

नळ पाणी देतो. लाइन रिकामी झाली की नळ पाणी पितो, हे मला ठाऊक नव्हतं.

१६ जुलै
खात्री करायची होती. कपड्यांची नीळ आणली. पाणी गेल्यावर अख्खी पुडी खड्ड्यात ओतली. निळं पाणी घोटाघोटाने आत गेलं.

१७ जुलै
सकाळी शकुबाई बादली घेऊन दारात. पाणी निळसर. वरच्या दोन घरांतही. त्या म्हणाल्या, देवाच्या मनात काय हाय कळंना.

मला कळलं.

१८ जुलै
पाणीवाला घरोघरी विचारत आला, कुणी खड्डा करून नळ खाली घेतलाय का. बाहेर दिशाला रिक्षात घालत होते.

मी नाही म्हटलं. तोंडातून निघून गेलं. आता सांगितलं तर गल्ली मला सोडणार नाही, आणि या अवस्थेत उज्वलाला घेऊन मी कुठे जाऊ? खड्ड्यावर फरशी टाकलीय. बुजवावा तर माती आणताना बघतील, तोटी बसवावी तर पाणा पुन्हा मागावा लागेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आता उज्वलासाठी वीस-वीस मिनिटं उकळतो.

उद्या सांगेन.

२० जुलै
फरशीखालून आवाज येतो. घरात कुठेही बसलं तरी.
उद्या.

२१ जुलै
उज्वलाचे डोळे पिवळे झालेत.

२३ जुलै
दवाखाना. डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात ही कावीळ फार वाईट, आणि ती महिनाभर आधीच अंगात शिरलेली असते. म्हणजे जूनमध्ये. नाक मुरडलं होतं तिने — मी हसून पाजलं —

कुणापाशी बोलता येत नाही. म्हणून ही वही इथे आणलीय.

२६ जुलै
गिरणीजवळ गळती सापडली म्हणे. दुरुस्त झाली. पाणी चांगलं झालं, उकळायची गरज नाही, असं गल्लीत सांगून गेले. सगळे पुन्हा तसंच पिताहेत —

ती गळती नव्हे. ती नव्हे. फरशीखाली —

मला माहीत आहे. एकट्याला.

२८ जुलै
उज्वला मला ओळखत नाही. बाळाचे ठोके ऐकायला डॉक्टर तीनदा आले. ती एकच मागते. पाणी.

दिशाची खाट शेजारीच. उकळलेलं पाणी संपलं, आणायला उठणार तोच शकुबाई आल्या. हातात बाटली. सकाळी ताजं भरलंय म्हणाल्या, लाइन आता सोच्छ झाली, दोघी पोरींना पोटभर पाजते. लय माया आहे त्यांची उज्वलावर.

नको म्हणायला हवं. नको म्हटलं की का नको, ते सांगावं लागेल —

बूच उघडलं. दिशा उठून बसली. उज्वलाने हात पुढे केला —

एवढं वाक्य लिहून झालं की उठतो. शकुबाई, थांबा, आमच्या मागच्या दारी